आंतरग्रंथालयीन देवघेव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयातले वाचक, संशोधक आणि ज्यांच्याकडे या कामासाठी वेगळा माणूस नाही असे ग्रंथपाल, अशा तिघांना उपयोगी पडतील अशी ही उत्तरे आहेत. घाईत असाल तर 'विनंतीत काय लिहावे' आणि 'मराठी पुस्तक तालिकेत सापडत नाही' हे दोन प्रश्न आधी वाचा (तालिका म्हणजे ग्रंथालयाचा कॅटलॉग). विनंत्या अडकतात त्या बहुतेक तिथेच.

आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणजे नेमके काय?

तुमच्या ग्रंथालयात नसलेले पुस्तक किंवा लेख तुमच्या ग्रंथालयाने दुसऱ्या ग्रंथालयाकडून तुमच्यासाठी मागवायचा, ही ती सेवा. ग्रंथपाल तिला सरसकट 'आयएलएल' (इंटर-लायब्ररी लोन) म्हणतात. तिचे दोन भाग आहेत. पुस्तक प्रत्यक्ष येते आणि ठरलेल्या मुदतीत परत जाते, ती उसनवारी. लेखाची किंवा प्रकरणाची प्रत येते आणि तुमच्याकडेच राहते, तो प्रलेख पुरवठा. दोन्हींचे नियम, खर्च आणि अडचणी वेगळ्या असतात, म्हणून विनंती करताना यातले काय हवे ते आधी सांगा.

व्यवहार दोन ग्रंथालयांमधला असतो. पुस्तकाची जबाबदारी मागवणाऱ्या ग्रंथालयावर राहते, वाचकावर नाही. वाचकाशी काय तो हिशेब ते ग्रंथालय आपल्या नियमांप्रमाणे करते.

आता सगळे ऑनलाइन मिळते. मग ही सेवा लागते कशाला?

सगळे मिळत नाही. सोपे तेवढे मिळते. इंग्रजी शास्त्रीय नियतकालिकांतले अलीकडचे लेख पूर्वी देवघेवीचा मोठा हिस्सा होते. ते आता वर्गणीतून, मुक्त प्रवेशाच्या नियतकालिकांतून किंवा लेखकाने विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात ठेवलेल्या प्रतीतून मिळतात. इंग्लंडमध्ये बॉस्टन स्पा इथे ब्रिटिश लायब्ररीचे प्रलेख पुरवठा केंद्र आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिथे वर्षाला चाळीस लाखांच्या घरात विनंत्या येत. ई-नियतकालिके रुळली आणि तो ओघ झपाट्याने आटला.

उरल्या त्या अवघड विनंत्या: पन्नास वर्षांपूर्वीच्या मराठी मासिकातला लेख, एखाद्या संस्थेने छापलेली स्मरणिका, परिषदेचे इतिवृत्त, संपादित ग्रंथातले एक प्रकरण, छपाईबाहेर गेलेला शब्दकोश, जिल्हा गॅझेटियरची जुनी आवृत्ती. संख्या घटली आणि एकेका विनंतीमागचे काम वाढले. पूर्वी या टेबलावरचा माणूस पाकिटे भरत असे. आज त्याचा वेळ मागितलेली गोष्ट खरोखर अस्तित्वात आहे का, कुठे आहे आणि आधीच कुठे फुकट मिळते का, हे शोधण्यात जातो. वर्षाअखेरीच्या अहवालात मात्र अजून पाठवलेल्या आणि आलेल्या पुस्तकांचीच संख्या मोजतात. सेवा 'मंदावली' असे वाटते ते त्यामुळे.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आल्यावर आमच्या महाविद्यालयाला आयएलएलची गरज उरली का?

तुमचे महाविद्यालय कोणत्या प्रकारचे आहे ते आधी पाहा. केंद्र सरकारने एकत्र वर्गणी भरून संस्थांना नियतकालिके खुली करण्याची ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक आणि जवळपास १३,००० नियतकालिके असा तिचा आवाका आहे. अंमलबजावणी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राकडे, आहे. पण ती केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालये पहिल्या टप्प्यात नाहीत. अनुदानित महाविद्यालयांचा परिचयाचा मार्ग अजूनही एन-लिस्ट (महाविद्यालयांना ई-नियतकालिके व ई-पुस्तके देणारी इन्फ्लिबनेटची योजना) हाच आहे.

शिवाय योजनेत नियतकालिके आहेत. पुस्तके हा तिचा विषय नाही, आणि मराठीतले जुने साहित्य त्या तीस प्रकाशकांकडे असण्याचा प्रश्नच नाही. रसायनशास्त्राच्या विभागातून येणाऱ्या विनंत्या जवळजवळ थांबतील. मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांच्या थांबणार नाहीत.

पूर्वी हे सगळे कसे चालायचे?

ओळखीवर आणि पत्रांवर. ग्रंथपाल दुसऱ्या ग्रंथपालाला पत्र लिहायचा आणि शिपाई पुस्तक घेऊन यायचा. पुण्या-मुंबईत हे आजही चालते आणि अनेकदा तोच सर्वांत जलद मार्ग असतो. १९८० आणि ९०च्या दशकांत केंद्र सरकारच्या निस्सॅट या माहितीसेवा कार्यक्रमाने ग्रंथालयांची शहरवार जाळी उभी केली: कोलकात्यात कॅलिबनेट, दिल्लीत डेलनेट, मुंबईत बोनेट, पुण्यात पुणेनेट, अहमदाबादेत ॲडिनेट. २००२ मध्ये निस्सॅट बंद झाल्यावर त्यांतली बरीच क्षीण झाली. १९८८ मध्ये सुरू झालेले डेलनेट मात्र वाढले. दिल्लीपुरते होते ते देशभराचे झाले आणि नावातल्या 'डेल्ही'च्या जागी 'डेव्हलपिंग' आले. आज महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन महाविद्यालयांत 'आयएलएल' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यासमोर डेलनेटच येते.

मला व्यक्ती म्हणून थेट विनंती करता येते का?

बहुधा नाही. डेलनेटसारख्या जाळ्यांचे सभासदत्व संस्थेचे असते. विद्यापीठांची ग्रंथालयेही दुसऱ्या ग्रंथालयाचे पत्र मागतात, कारण पुस्तक परत आले नाही तर जाब विचारायला संस्था हवी. तुम्ही कोणत्याही महाविद्यालयाशी जोडलेले नसाल तर दोन वाटा आहेत. तुमच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडून मागणीपत्र घ्यायचे, किंवा ज्या ग्रंथालयात पुस्तक आहे तिथे जाऊन बसून वाचायचे. दुसऱ्या वाटेसाठी ओळखपत्र, विभागप्रमुखांचे किंवा ग्रंथपालांचे परिचयपत्र आणि हव्या त्या ग्रंथांची दाखलअंकांसह (ग्रंथालयाने प्रत्येक प्रतीला दिलेल्या क्रमांकांसह) यादी बरोबर न्या. नुसते 'या विषयावरचे काहीही दाखवा' म्हणून गेलात तर अर्धा दिवस तालिकेपुढेच जाईल.

विनंतीत काय लिहावे?

पुस्तकासाठी: लेखकाचे पूर्ण नाव, शीर्षक, प्रकाशक, गाव, वर्ष, आवृत्ती, आणि असल्यास आयएसबीएन. कोणतीही आवृत्ती चालेल की तीच हवी, ते स्पष्ट लिहा. पृष्ठांचे संदर्भ तपासायचे असतील तर तीच आवृत्ती लागते. नुसते वाचायचे असेल तर कोणतीही चालते. हा एक शब्द न लिहिल्यामुळे विनंत्या विनाकारण फिरत राहतात. आयएसबीएन १९७० पूर्वीच्या पुस्तकाला असणारच नाही, आणि नंतरच्याही पुष्कळ मराठी पुस्तकांना नाही, त्यामुळे तो रकाना रिकामा राहिला तर काळजी नको.

लेखासाठी: नियतकालिकाचे नाव न आखूडता, वर्ष, खंड, अंक, महिना, पृष्ठे, लेखक, लेखाचे शीर्षक, आणि असल्यास डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक). मराठी मासिकांत 'वर्ष ४२' म्हणजे मासिकाच्या आयुष्यातले बेचाळिसावे वर्ष, इसवी सनाशी त्याचा संबंध नाही. दोन्ही लिहा. दिवाळी अंक असेल तर तसे आवर्जून नोंदवा. काही बांधीव खंडांत दिवाळी अंक महिन्याच्या क्रमात नसतो, वेगळा बांधलेला असतो. तो न सापडल्याने 'अंक नाही' असे उत्तर येते.

आणि संदर्भ कुठून मिळाला तेही लिहा: कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावरची तळटीप. संदर्भ चुकीचा निघाला तर ग्रंथपाल मूळ तळटीप पाहून चूक हुडकू शकतो.

मराठी पुस्तक तालिकेत सापडत नाही, पण ते असणार याची खात्री आहे. काय करू?

मराठी पुस्तकांच्या देवघेवीतली खरी अडचण हीच आहे. पुस्तक कपाटात असते, तालिकेत नोंदलेलेही असते, पण शोधखिडकीत टाकलेल्या अक्षरांना ते सापडत नाही. कारणे ठरावीक आहेत, म्हणून क्रमाने तपासा.

पहिले, लिपी. अनेक विद्यापीठांच्या तालिकांत मराठी पुस्तके रोमन लिपीत चढवली आहेत आणि लिप्यंतर प्रत्येकाचे वेगळे. 'ज्ञ'साठी तीन तरी पद्धती सापडतात, 'व'साठी दोन, आणि 'ळ' बहुतेक ठिकाणी 'ल'च होतो. पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली चार-पाच अक्षरे आणि शीर्षकातला ज्याच्या वर्णलेखनात वाद नाही असा एक शब्द टाका.

दुसरे, फॉन्ट. युनिकोड येण्याआधी श्री-लिपी, आकृती यांसारख्या फॉन्टमध्ये चढवलेल्या नोंदी नंतर नव्या प्रणालीत आल्या, पण त्यांचे रूपांतर नीट झाले नाही. पडद्यावर अगम्य चिन्हे दिसतात आणि शोधात काहीच येत नाही. अशा ग्रंथालयाला ईमेलने विचारणे किंवा सरळ फोन करणे हाच उपाय. तिथल्या जुन्या कर्मचाऱ्याला अजून पत्रक-तालिका (कार्ड कॅटलॉग) वापरता येते.

तिसरे, युनिकोडमध्ये असूनही वेगळे असणे. 'ॲ' हे अक्षर एकसंध लिहिता येते, किंवा 'अ'वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला वेगळी. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतल्या ऱ्याचेही तेच. अशी अक्षरे असलेला शब्द शोधात वापरूच नका.

चौथे, जुने शुद्धलेखन. १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर 'नांव', 'पांच', 'कांहीं' असे छापलेले असते. नियमाने काम करणारा तालिकाकार शीर्षक जसे छापले तसेच उतरवतो, दुसरा आजच्या पद्धतीने दुरुस्त करून टाकतो. दोन्ही रूपे शोधा.

पाचवे, लेखकाचे नाव. कुसुमाग्रज की वि. वा. शिरवाडकर? गोविंदाग्रज, बाळकराम की राम गणेश गडकरी? काही ग्रंथालये सगळे एकाच नावाखाली आणतात, काही मुखपृष्ठावरचे नाव तसेच ठेवतात. आद्याक्षरांमधली जागा आणि टिंबे यांनीही शोध चुकतो, म्हणून आद्याक्षरे गाळा.

एवढे करूनही नाही सापडले तर छापील सूचीकडे वळा. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १८०० ते १९३७ आणि पुढच्या भागात १९५० पर्यंतची मराठी पुस्तके नोंदवते. नियतकालिकांसाठी दाते, काळे आणि बर्वे यांची सूची आहे. तिथे नोंद मिळाली तर पुस्तक निघाले होते हे नक्की झाले, आणि प्रकाशक, वर्ष, आकार असे तपशील हाती आले. त्यानंतरचा शोध अंधारात नसतो. आमच्या मते १९५० पूर्वीच्या कोणत्याही विनंतीची सुरुवात इथूनच व्हावी. संगणक उघडण्याआधी.

पुस्तकावर शके दिले आहे. सन कसा काढायचा?

शकात ७८ मिळवा. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतले (साधारण जानेवारी ते गुढीपाडवा) असेल तर ७९. शके १८१२ म्हणजे १८९०–९१. तालिकेत शोधताना दोन्ही सन टाकून पाहा, कारण तालिकाकारानेही यांतला एकच घेतलेला असतो. कधी शकच सन समजून चढवलेला असतो. १८४५ सालचे म्हणून नोंदलेले पुस्तक प्रत्यक्षात शके १८४५, म्हणजे १९२३चे निघते.

चॅटबॉटने दिलेला संदर्भ आहे. तो मागवता येईल का?

तो खरा असेल तर येईल. अलीकडे जगभरच्या ग्रंथालयांकडे अस्तित्वातच नसलेल्या लेखांच्या विनंत्या येऊ लागल्या आहेत. लेखक खरा, नियतकालिक खरे, विषय पटण्याजोगा, फक्त तो लेख कधी लिहिलाच गेला नाही. मागवण्याआधी तीन गोष्टी तपासा. डीओआय उघडून पाहा. दुसऱ्याच लेखावर गेला किंवा उघडलाच नाही तर संशय घ्या. खंड आणि साल यांचे गणित जुळते का पाहा. १९९० मध्ये सुरू झालेल्या वार्षिक खंडांच्या नियतकालिकाचा २०१५ मध्ये ४०वा खंड असू शकत नाही. आणि त्या अंकाची अनुक्रमणिका मिळवून दिलेल्या पानांवर काय आहे ते बघा. मराठी संदर्भांबाबत तर अधिकच सावध राहा: मासिकाच्या नावाला ते मासिक बंद पडल्यानंतरचे साल चिकटवलेले सापडते.

विनंती दिल्यानंतर ग्रंथालयात काय होते?

आधी आपल्याच तालिकेत शोध. वाचकाने मागितलेले पुस्तक आपल्याच ग्रंथालयात निघणे ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की हा टप्पा कोणी गाळत नाही. मग मुक्त स्रोत: लेख असेल तर अनपेवॉल (लेखाची मोफत प्रत शोधून देणारी सेवा) आणि विद्यापीठांची भांडारे, प्रबंध असेल तर शोधगंगा हे प्रबंधांचे ऑनलाइन भांडार, जुने पुस्तक असेल तर इंटरनेट आर्काइव्ह, जिथे 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'ची मराठी स्कॅन मोठ्या संख्येने आहेत, आणि राज्य मराठी विकास संस्थेचे दुर्मीळ ग्रंथ व नियतकालिके. त्यानंतर संघतालिका, म्हणजे अनेक ग्रंथालयांची एकत्र तालिका: विद्यापीठांसाठी इन्फ्लिबनेटची इंडकॅट, सभासद असल्यास डेलनेटची. दोन-तीन ग्रंथालये ठरतात, जवळचे आधी. मागणी जाते, होकार येतो, पुस्तक निघते. आल्यावर ते मूळ ग्रंथालयाच्या अटींसह तात्पुरत्या नोंदीवर चढते आणि तुम्हाला निरोप येतो.

पुस्तकावर 'फक्त ग्रंथालयात वाचण्यासाठी' अशी पट्टी असेल तर तो तुमच्या ग्रंथपालाचा हट्ट नाही. देणाऱ्याची अट आहे.

किती दिवस लागतात? खर्च किती?

लेखाची प्रत एक ते पाच कामाचे दिवस, नियतकालिक सहज हाताला लागणारे असेल तर. पुस्तक एक ते तीन आठवडे. मे महिना, दिवाळीची सुट्टी आणि परीक्षांचा काळ यांत दुप्पट धरा. वाचायला साधारण दोन ते तीन आठवडे मिळतात, आणि त्यात परतीच्या प्रवासाचे दिवस धरलेले आहेत का हे विचारून घ्या. वाद बहुतेक तिथेच होतो.

जाण्यायेण्याचा टपाल किंवा कुरिअर खर्च मागवणाऱ्या ग्रंथालयाने करायचा, असा सर्वसाधारण रिवाज आहे. तो वाचकाकडून घ्यायचा की नाही हे ज्या त्या संस्थेचे धोरण. ज्या महाविद्यालयात वर्षाला पंधरा-वीसच विनंत्या येतात, तिथे तो ग्रंथालयानेच सोसावा असे आम्ही सुचवू. वसुलीच्या पावत्यांचे काम रकमेपेक्षा महाग पडते.

ई-बुक दुसऱ्या ग्रंथालयातून का मागवता येत नाही?

छापील पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचे असते, ई-बुक नसते. ते करारावर वापरायला मिळते आणि काय करता येईल हे करार ठरवतो. बहुतेक करारांत पूर्ण ई-बुक बाहेर देण्याची परवानगी नसते. काहींत एक प्रकरण किंवा लेख देता येतो, तोही कधी छापून मग स्कॅन करूनच. हास्यास्पद वाटते, पण कलम तसे असते.

म्हणजे ग्रंथालय जितके छापीलकडून ई-बुककडे सरकते, तितकी त्याची इतरांना मदत करण्याची ताकद घटते. वर्गणीची नूतनीकरणे करताना बहुतेक खरेदी समित्या किंमत आणि शीर्षकांची संख्या एवढेच पाहतात. करारात आंतरग्रंथालयीन देवघेवीचे कलम आहे का, हे विचारायची जागा ती बैठक आहे. नंतर काही करता येत नाही. छापील प्रत ठेवून तिची स्कॅन एका वेळी एकाच वाचकाला देण्याची पद्धत अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्हने वापरली. प्रकाशकांनी भरलेल्या खटल्यात २०२३ मध्ये आणि अपिलात सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला.

भारतीय कायद्याने किती पाने देता येतात?

पानांचा किंवा टक्क्यांचा आकडा कायद्यात नाही. 'दहा टक्के चालतात' हे सगळीकडे ऐकू येते, पण प्रताधिकार कायदा, १९५७ मध्ये तसे लिहिलेले नाही. कलम ५२(१)(अ) संशोधनासह खासगी वापरासाठी 'न्याय्य वापर' मान्य करते. एका वाचकासाठी एक लेख किंवा एक प्रकरण हा व्यवहार त्यात बसतो, असे धरून ग्रंथालये चालतात. याच कलमात आणखी एक उपयोगी तरतूद आहे: जे पुस्तक भारतात विकत मिळत नाही, त्याच्या तीनपर्यंत प्रती बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला ग्रंथालयाच्या वापरासाठी करता येतात. २०१२च्या दुरुस्तीने, आधीपासून असलेल्या प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायलाही मुभा दिली.

दिल्ली विद्यापीठातल्या फोटोकॉपी खटल्याचा २०१६चा निकाल पुष्कळदा पुढे केला जातो. तो वर्गात शिकवण्यासाठी केलेल्या छायाप्रतींच्या संचांबद्दल होता. देवघेवीला तो सरळ लावू नये.

लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे उलटली की पुस्तक प्रताधिकारमुक्त होते. मग पूर्ण पुस्तकाची स्कॅन द्यायलाही हरकत नाही. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचे साल वेगळे मोजा, आणि संपादित आवृत्तीला अलीकडची प्रस्तावना-टीपा असतील तर त्यांचे वेगळे.

कोणत्या गोष्टी बाहेर दिल्याच जात नाहीत?

संदर्भग्रंथ, चालू अंक, हस्तलिखिते, नकाशे, ठिसूळ कागदाची पुस्तके. मराठीतली दोलामुद्रिते, म्हणजे १८६७ पर्यंत छापलेली पुस्तके, कुणीही टपालात घालणार नाही. नियतकालिकांचे बांधीव खंडही सहसा नाहीत: एक खंड गेला तर बारा अंक जातात. या सगळ्यांसाठी प्रत मागा, मूळ नको.

आम्ही प्रत पाठवणार आहोत. स्कॅन कशी असावी?

मजकुरासाठी ३०० डीपीआय करडी (ग्रेस्केल) स्कॅन पुरते. बारीक टाइप, तळटीपा किंवा जुनी शिळाछाप असेल तर ४००. निव्वळ काळी-पांढरी स्कॅन फाइल लहान करते, पण मराठीत अनुस्वार, रफार आणि नुक्ते गिळते. 'त' आणि 'तं'मधला फरक जातो. करडीच ठेवा.

बांधणीच्या बाजूचा मजकूर अंधारात जाणे ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. सपाट काचेवर पुस्तक दाबून ती सुटत नाही, उलट पाठ तुटते. वरून फोटो घेणारा स्कॅनर किंवा स्टँडला लावलेला बऱ्यापैकी फोन वापरा आणि पुस्तक दोन्ही बाजूंना आधार देऊन अर्धेच उघडा. १९००च्या आसपासचा आम्लयुक्त कागद घडीवर तुटतो, म्हणून मुडपलेले तक्ते उलगडण्याआधी विचार करा.

मुखपृष्ठ, मुद्रणपृष्ठ आणि अनुक्रमणिका ही पाने नेहमी जोडा. पाठवण्याआधी पाने मोजा. पृष्ठ ११२ नंतर ११५ आले की विनंती पुन्हा पहिल्यापासून चालते. फाइल २५ एमबीच्या वर गेली तर ईमेलने जाणार नाही. दुवा द्या आणि तो किती दिवस चालेल ते लिहा.

पुस्तक टपालाने पाठवताना काय काळजी घ्यावी?

पुस्तकाच्या दोन्ही बाजूंना त्याच्यापेक्षा बोटभर मोठा जाड पुठ्ठा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, मग बबल रॅप आणि बाहेर मजबूत कागद किंवा खोका. जून ते सप्टेंबर प्लास्टिक दोन थरांचे. कोपरे आधी चेपतात, तिथे कागदाचे बोळे भरा. चिकटपट्टी पुस्तकाला कधीही लागू देऊ नका. आत एक चिठ्ठी हवी: दोन्ही ग्रंथालयांचे पत्ते, दाखलअंक, परतीची तारीख, आणि पाठवताना असलेल्या दोषांची नोंद. शेवटच्या गोष्टीसाठी फोनवर फोटो काढून ठेवा. 'पाठ आधीच सुटलेली होती' हा वाद मग होत नाही.

टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा १ मे २०२५ पासून आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. मार्ग जमिनीवरचा, त्यामुळे वेळ लागतो, पण पाकिटाचा माग काढता येतो. नियतकालिके आणि जाहिराती असलेली प्रकाशने तिच्यात बसत नाहीत. पुस्तक पुन्हा मिळणे कठीण असेल तर वीस-तीस रुपये वाचवू नका, स्पीड पोस्टने पाठवा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टही त्यातच विलीन झाले आहे.

पुस्तक हरवले किंवा खराब झाले तर?

मागवणारे ग्रंथालय जबाबदार, वाटेत हरवले तरी. बाजारात मिळत असेल तर नवी प्रत घेऊन द्यायची, किंवा आजची किंमत. दाखल नोंदवहीतली १९७४ सालची बारा रुपये किंमत धरून चालणार नाही. छपाईबाहेरचे असेल तर जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून प्रत शोधावी लागते. न सापडल्यास देणारे ग्रंथालय सांगेल ते. म्हणूनच दुर्मीळ पुस्तक देण्याआधी भरपाई काय असेल हे ईमेलवर ठरवून घ्या.

परदेशातून मागवता येते का?

लेख किंवा प्रकरण असेल तर येते. अमेरिकेत किंवा युरोपात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना तिथल्या ग्रंथालयातून हे सहज करता येते, कारण वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या संघतालिकेवर विनंती करण्याची व्यवस्था १९७९ पासून रुळलेली आहे. अमेरिकेच्या ग्रंथालयांवर एक मर्यादा आहे: एका नियतकालिकाच्या गेल्या पाच वर्षांतले पाचपेक्षा जास्त लेख एका कॅलेंडर वर्षात मागवायचे नाहीत, असे त्यांचे मार्गदर्शक तत्त्व सांगते. प्रत्यक्ष पुस्तक भारतात मागवण्याच्या फंदात शक्यतो पडू नका. टपालखर्च, आयात पुस्तकांवरचे सीमाशुल्क आणि परत पाठवण्याची कागदपत्रे यांत उसनवारीचा अर्थच उरत नाही.

एकाच केंद्रीय सेवेवर पूर्ण भिस्त ठेवण्यातला धोका ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसला. ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या सेवा दीर्घकाळ विस्कळीत राहिल्या. दुसरा मार्ग माहीत असू द्या.

प्रबंध कसा मिळवायचा?

शोधगंगेत आधी पाहा. तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. २००९ पूर्वीचा असेल आणि तिथे नसेल तर ज्या विद्यापीठाची पदवी त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विचारा. तिथे बसून वाचता येतो. पूर्ण प्रत बहुधा मिळत नाही. एम.फिल.चे प्रबंध कधी फक्त विभागात असतात, हे लक्षात ठेवा.

आमचे छोटे सार्वजनिक वाचनालय आहे. यात कसे उतरावे?

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, पण त्यांच्यात देवघेवीचे एक जाळे नाही. जाळ्याची वाट पाहू नका. तालुक्यातली तीन-चार वाचनालये मिळून सुरुवात करा. लेखी करार एका पानाचा पुरे: एका वेळी किती पुस्तके, किती दिवस, कोण नेणार-आणणार, हरवल्यास काय. पाच पुस्तके आणि एक महिना हे आकडे चालतात. यादी युनिकोडमध्ये एका सामायिक तक्त्यात ठेवा. स्तंभ सहाच: लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, दाखलअंक, वाचनालय. आडनाव आधी लिहायचे की नंतर हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि मोडू नका. पुढे ई-ग्रंथालय, कोहा किंवा दुसऱ्या ग्रंथालय-संगणकप्रणालीत जाल तेव्हा हा तक्ता तसाच चढवता येतो.

सगळी पुस्तके चढवायला बसू नका, ते काम कधीच संपत नाही. कादंबऱ्या बहुतेक चौघांकडेही सारख्याच असतात. आपल्या गावची म्हणून जे आहे ते आधी चढवा: स्थानिक इतिहास, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, बंद पडलेली साप्ताहिके. बाहेरून मागणी येईल ती त्याचीच.

विनंती नाकारली गेली. पुढे काय?

नाकारण्याचे कारण विचारा. 'बाहेर गेले आहे' असेल तर परतीची तारीख घेऊन थांबा. 'देत नाही' असेल तर फक्त हव्या त्या पानांची प्रत मागा. 'सापडत नाही' असेल तर दुसऱ्या ग्रंथालयाकडे जा आणि पहिल्याला महिन्याने पुन्हा विचारा. चुकीच्या कपाटात गेलेली पुस्तके वार्षिक गणतीत सापडतात. 'संदर्भ अपुरा' असेल तर मूळ तळटीपेचा फोटो जोडून तीच विनंती पुन्हा पाठवा. नवी करू नका, नाहीतर आधीचा शोध वाया जाईल. आणि तोवर पुस्तक दुसरीकडून मिळाले तर विनंती रद्द केल्याचे लगेच कळवा, म्हणजे पाकीट निघण्याआधी ते थांबवता येईल.